औषधाआधीच गुण

अपघातात मोडलेला बसचालकाचा पाय सांधला, पण स्टिअरिंगला हात लावला की त्याला अजूनही दरदरून घाम फुटायचा. घरी विषय काढला की बायको म्हणायची, "अहो, झालं गेलं विसरा ना आता!" बस चालवली नाही तर नोकरी जाणार होती. म्हणून मेहुणीने शोधून दिलेल्या, अशा मानसिक धक्क्यावरच्या नव्या औषधाच्या चाचणीसाठी त्याने नाव दिलं.

औषध सुरू होण्याआधी निवडीच्या मुलाखती होत्या. दर आठवड्याला डॉक्टरीणबाई समोर बसायच्या आणि मध्ये एकदाही न तोडता त्याची सगळी हकिगत ऐकून घ्यायच्या. शेवटच्या मुलाखतीला तो स्वतःच बस चालवत आला.

डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. "तुम्ही चाचणीत बसत नाही हो! तुमच्यात आता आजारच उरला नाही. सगळे असेच गळताहेत, मग मी औषध द्यायचं कुणाला?"

"चुकलं, मॅडम," तो ओशाळून म्हणाला. "घरी जाऊन पुन्हा बिघडतो का बघू?"



दुसऱ्या दिवसापासून चाचणी केंद्रात नवा नियम लागू झाला: मुलाखतीत रुग्णाला फार बोलू द्यायचं नाही.