उलटी लागलेली भिंत

भिंत उलटी लागली होती. आतली बाजू रस्त्याकडे आली होती.

"बनियन उलटं घालावं तशी भिंत घातलीत की रे!" क्रेनवाला वरून ओरडला.

मुकादम हसला नाही. जुन्या वसाहतीतल्या इमारती पाडल्या नव्हत्या. काँक्रीटच्या तयार भिंती सांध्यातून सोडवून, एकेक करून इथे आणल्या होत्या; नवं बांधकाम त्यांचंच चाललं होतं. प्रत्येक भिंतीवर बाहेरच्या अंगाला क्रमांक घालायचा, असं ठरलेलं. हिच्यावर कुणीतरी घरात उभं राहून घातला. लावणाऱ्यांनी क्रमांक पाहिला आणि तीच बाजू बाहेर केली.

"सांध्यातलं सिमेंट ओलं आहे तोवर फिरवून घ्या," मुकादम म्हणाला. "साखळ्या लावा."

साखळ्या घेऊन निघालेला माणूस मध्येच थांबला. भिंतीला अगदी लागून, भाजीची पिशवी हातात घेऊन एक म्हातारी उभी होती.

"आजी, बाजूला व्हा. भिंत उचलायची आहे."

"माझी आहे ही," ती म्हणाली. मग सावरून घेत म्हणाली, "होती. चौथ्या मजल्यावर. स्वयंपाकघराची."

भिंतीला पोपटी रंग होता. खिडकीच्या कडेला, जमिनीवर बसलेल्या माणसाचं डोकं टेकेल तेवढ्या उंचीवर, एक गोल तेलकट डाग होता.

"हे इथं बसायचे," ती डागाकडे बघत म्हणाली. "मी पोळ्या लाटायची आणि हे टेकून बसायचे, उगीच काहीतरी बडबडत. डोक्याला बचकभर तेल. किती बोलायची मी! म्हणायचे, अगं, भिंतच आहे, तिला कुठं पाहुण्यांकडे जायचंय?"

साखळीवाला हसला. मुकादम जवळ आला.

"आजी, थांबलो असतो. पण सिमेंट धरलं की ही निघायची नाही. फोडावीच लागेल."

"फोडू नका," ती पटकन म्हणाली.

तिने पिशवी खाली ठेवली. वाकून तळहात डागावर ठेवला. क्रेनवाल्याने वरून काहीतरी विचारलं. मुकादमाने हात वर करून त्याला गप्प केलं.

थोड्या वेळाने तिने विचारलं, "फिरवल्यावर हे कुठं जाईल?"

"आतल्या अंगाला. त्यावर नवा रंग बसेल."

"आत काय होणार आहे?"

"बालवाडी."

तिने मान हलवली. हात काढून घेतला, पदराला पुसायला नेला, पण पुसला नाही.

"रंगाला दाद नाही देत तो. मी दरवर्षी रंगवायची. चार-सहा महिन्यांत पुन्हा वर."

"येऊ दे की मग," मुकादम म्हणाला.

"आला, तर मुलांना रागावू नका म्हणावं बाईंना. मुलांनी नाही केलेला."

ती मागे झाली. साखळ्या ताणल्या. भिंत वीतभर वर उचलली गेली आणि हवेत सावकाश वळू लागली. तिच्याबरोबर म्हातारीही फुटपाथवरून बाजूबाजूने सरकत गेली, डाग दिसत होता तोवर.