उकळलेलं पाणी

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात सोलापुरात पटकीची साथ आली. कॉलेजनं मुलींना बाहेरचा रस, बर्फ बंद केला. नियम मोडला तर वसतिगृह सोडायचं. मी सात रस्ता चौकात बर्फ घातलेला उसाचा रस प्यायले आणि दुसऱ्या दिवशी जुलाबांनी आडवी झाले. रेक्टरबाईंनी खाटेपाशी येऊन विचारलं, “बाहेरचं काही घेतलंस?” “नाही. मेसचंच पाणी,” मी म्हणाले. मेस सांभाळणाऱ्या रंभामावशी दारातच होत्या. “उकळल्याबिगर म्या कुनाला पानी देत न्हाय, बाई,” एवढंच त्या बोलल्या. संध्याकाळी त्यांना कामावरून काढलं. काखेत गाठोडं घेऊन त्या माझ्याकडे आल्या, तेव्हा मी भिंतीकडे तोंड केलं. “उद्यापास्नं कोन उकळंल ठावं न्हाय, पोरी. एवढं पुरवून पी.” पदरानं धरलेला पितळी तांब्या त्यांनी पुढं केला. पाणी नुकतंच उकळलेलं. मी हात लावला. तांब्या मला धरवला नाही.