छापील मर्यादा

बुधवारी सकाळी साडेअकरा वाजता मारोतरावांनी धनंजय साहेबांच्या टेबलावरचा काचेचा पेपरवेट उचलून भिंतीवर हाणला. तसं काही झालं नाही. स्टोअरच्या रजिस्टरमध्ये तो पेपरवेट अजून शाबूत आहे, म्हणजे तो शाबूत आहे.

मार्चमधला तो अपघातही असाच झाला नव्हता. जामुल रोडवरच्या त्या शेडमध्ये मारोतराव वेल्डिंगच्या जोडांचे फोटो काढायचे. एक्स-रेसारखेच, पण त्यासाठी किरणोत्सारी इरिडियमचा एक कण लागतो, त्याला सगळे 'सोर्स' म्हणतात. तो शिशाच्या पेटीत राहतो, केबलनं बाहेर येतो, फोटो काढून आत जातो. त्या दिवशी तो आत जाईना. सेफ्टी ऑफिसर धनंजय साहेब दाराबाहेरून म्हणाले, "खींच लो, मारोतराव." मारोतरावांनी हातानं ओढला. छातीवरचा किरणं मोजणारा बिल्ला तपासणीला गेला आणि आकडा घेऊन परत आला: बासष्ट हजार मिलिरेम. वर्षाची मर्यादा तीन हजार.

मर्यादा ओलांडली की माणसाला त्या कामावरून काढून मोठ्या दवाखान्यात पाठवावं लागतं. त्याची चिठ्ठी सेफ्टी ऑफिसर देतो. साहेब म्हणाले, देतो. मग एप्रिल आला.

देशात कधीचंच बदललेलं माप एप्रिलमध्ये त्या शेडपर्यंत पोचलं. मिलिरेम गेले, मिलिसिव्हर्ट आले. शंभर मिलिरेमचा एक मिलिसिव्हर्ट. साहेबांनी दोन दिवस बसून रजिस्टरमधला प्रत्येक माणूस शंभरानं भागला. गेटवर बोर्ड लागला: 'रेडिएशनमध्ये ९९ टक्के घट'. सगळ्यांना पेढे वाटले. मारोतरावांनाही एक मिळाला. तो त्यांच्या पोटात राहिला नाही.

घरी बायको, मथुरा, म्हणाली, "पायली गेली अन् किलो आला, तवा काय लोकायची भूक कमी झाली होती? जा, चिठ्ठी मांगा."

म्हणून बुधवारी मारोतराव सुपेल्याच्या लॅबचा रिपोर्ट घेऊन साहेबांसमोर उभे राहिले.

"साहेब, चिठ्ठी द्या. पांढऱ्या पेशी कमी होऊन राहिल्या माह्या."

साहेबांनी रजिस्टर त्यांच्याकडे फिरवलं. "कशाची चिठ्ठी? हे पाहा. मर्यादा तीन हजार. तुमचे सहाशे वीस. अजून कितीतरी जागा आहे तुमच्यात."

"मार्चले बासष्ट हजार होते न!"

"ते जुन्या मापात. आता शंभरानं भागलं."

मारोतरावांनी रकान्यावर बोट ठेवलं. 

"मंग मर्यादा कावून नाही भागली?"

साहेबांनी पान उलटून पाहिलं. पुन्हा सुलटं करून पाहिलं. मग समजावणीच्या सुरात म्हणाले, "मर्यादा छापील आहे, मारोतराव."

"अन् मी?"

"तुम्ही पेननं लिहिलेले आहात."

यानंतर पेपरवेट फुटला नाही.

काचा गोळा करता करता साहेब म्हणाले, "हे पाहा, मी या पेपरवेटचा रिपोर्ट करत नाही. तुम्हीही ते मार्चचं काढू नका. सोमवारपासून पुन्हा सोर्सवर या. आणि काही म्हणणं असेल तर लेखी द्या. लेखी दिलं की विचार होतो."

मारोतरावांनी तिथंच, उभ्यानं, त्याच टेबलावर अर्ज लिहिला. शेडमधला कारभार हिंदीत, पण साहेब नागपूरचे, म्हणून मराठीत. पेन इतकं दाबून चालवलं की अक्षरं खालच्या रजिस्टरवरही उमटली.

विषय: माझ्या आजाराला नवीन माप लागू करण्याबाबत.

महोदय,

आपण माझे बासष्ट हजार शंभरानं भागून सहाशे वीस केले, याबद्दल आभारी आहे. परंतु माझा ताप, उलट्या व हिरड्यांतून येणारं रक्त अद्याप जुन्याच मापात सुरू आहे. शरीराला परिपत्रक मिळालेलं दिसत नाही. तरी सोमवारी मी सोर्सवर रुजू होण्यापूर्वी माझा आजारही शंभरानं भागून मिळावा. तो छापील नाही, त्यामुळे आपणास अडचण येऊ नये, ही नम्र विनंती.