टाकीतलं हाड

वृंदाने घाईघाईत कॅल्शियम आणि सोडा एकदमच ओतला आणि काचेच्या टाकीतलं खारं पाणी दुधासारखं पांढरं झालं. दोन्हींच्या मध्ये थांबायचं असतं, हे तिला नंतर आठवलं. त्या पाण्यात जिवंत प्रवाळ तिच्या सासऱ्यांसाठी, आप्पांसाठी, खुब्याचं हाड बांधत होते. आता बोटभरच बांधायचं राहिलं होतं. पुन्हा चालायचं म्हणून आप्पांनी कालच माळ्यावरच्या चपला काढायला लावल्या होत्या.

"काय झालं गं?" आप्पांनी आतून, पलंगावरून विचारलं.

"काही नाही. पाणी बदलतेय."

ती टाकीपुढे येरझाऱ्या घालत राहिली. पांढरा गाळ हळूहळू तळाशी बसला. हाडावरचे प्रवाळ मिटलेलेच होते; जिवंत असले तर एव्हाना फुलांसारखे उघडायला हवे होते. तिने खाणं टाकलं, दिवा मंद केला. एकही उघडेना.

"उघडले का?"

"हो आप्पा, सगळे."

तिची पावलं पुन्हा टाकीपुढे वाजत राहिली.

"मग तू अजून तिथेच का घुटमळतेस?"