शेवटच्या दोन ओळी

फार पूर्वी एका प्रेषितानं तुरुंगातून आपल्या शिष्याला धाडलेलं पत्र समजावून सांगण्यात चर्चच्या पाळकसाहेबांचा हातखंडा होता. "तर पत्राचा संदेश काय? धीर सोडू नका!" असं म्हणून त्यांनी वर्गापुढे बायबल मिटलं.

मागच्या बाकावरून इस्त्रीवाल्या मावशींनी विचारलं, "पण शेवटी त्यानं थंडीसाठी झगा मागितलाय ना? गेल्या रविवारी पाहुण्या पाळकांनी वाचलं होतं. मग कुणी नेऊन दिला का त्याला?"

वर्गात खसखस पिकली. पाळकसाहेबांनाही हसू आलं. "मावशी, या घरगुती गोष्टी हो. मी त्या गाळतोच. आपण संदेश तेवढा घ्यायचा."

वर्ग पांगल्यावर मावशी पुढे आल्या. पिशवीतून त्यांनी घडी घातलेला कागद काढला. तुरुंगातून आलेलं त्यांच्या लेकाचं ते एकुलतं एक पत्र. मावशींना अक्षरओळख नव्हती, म्हणून हिवाळ्याच्या तोंडावर पाळकसाहेबांनीच ते वाचून दाखवलं होतं. 'आई, देवावर भरवसा ठेव, धीर सोडू नकोस.' पुढे दोन महिन्यांत न्यूमोनियानं लेक तिथेच गेला.

"साहेब, यातलंही काही गाळलं होतंत का?"

पाळकसाहेबांनी कागद उलगडला. तळाशी बारीक अक्षरात दोन ओळी होत्या.

'माझा निळा स्वेटर पाठव गं. इथं थंडीनं झोप लागत नाही.'

त्यांना मान वर करवेना. समोर टेबलावर टेकलेल्या मावशींच्या हातांवर निळ्या स्वेटरच्या बाह्या होत्या, लांब पडतात म्हणून दोनदा दुमडलेल्या.