तिसरी हाक

नऊ वर्षांच्या प्रार्थनेनंतर माझ्या धाकट्या बहिणीला, रिबकाला, मुलगा झाला. तिनं त्याला शास्त्रातल्या संदेष्ट्याचं नाव ठेवलं, शमुवेल. शाळेत घालताना मात्र मीच दाखल्यावर 'शाम, हिंदू महार' असं लिहून घेतलं, कारण ख्रिस्ती लिहिलं की सवलती जातात. काल गावच्या विहिरीवर पाणी शेंदलं म्हणून चौघांनी त्याला जातीवरून शिव्या देत ठार मारलं. त्यांनी धर्म विचारला नव्हता. तो फौजदारानं विचारला. "मयत ख्रिस्ती असंल तर ॲट्रॉसिटीचा नवा कायदा लागत न्हाई," तो म्हणाला. मी दाखला पुढं केला आणि रिबकाला बजावलं, "आजपासून तो शाम. निकाल लागेपर्यंत पाळक न्हाई, क्रूस न्हाई, दुसरं नाव न्हाई." नेवाशाला दवाखान्याच्या ओट्यावर आम्ही बसलो होतो. प्रेत ताब्यात द्यायला शिपायानं दारातून हाक दिली, "शामचं कोण हाय?" रिबका हलली नाही. त्यानं पुन्हा हाक दिली. शास्त्रातल्या शमुवेललाही देवानं तीनदा हाक मारली तरी ती कुणाची ते कळलं नव्हतं. ही गोष्ट तिनं लेकाला कितीदा सांगितली होती. तिसऱ्या हाकेला ती उठली. "मी. शामची आई," म्हणाली आणि कागदावर अंगठा दिला. मग माझ्याकडं वळून तिनं हळूच विचारलं, "दादा, शेवटच्या दिवशी देव मेलेल्यांतल्या एकेकाला नावानं हाक मारनार. तवा ह्यो कोणत्या नावाला उठंल?"