पेनाचं टोपण

“तुम्ही बाहेर थांबायचं,” प्रशिक्षक बाई म्हणाल्या.

फौजदारांनी आपल्याच खोलीच्या दाराकडे पाहिलं. आत टेबल त्यांचं, खुर्ची त्यांची, टेबलावरच्या पाकिटातले सहा फोटोही त्यांनीच निवडलेले. “म्हणजे घर माझं आणि पायरीवर मीच?”

“सहांतला संशयित कोणता, ते तुम्हाला ठाऊक आहे. मलाही आहे. म्हणून मीही बाहेरच.”

पोलिसी कामावर जे अभ्यास झालेत ते रोजच्या कामात वापरायचे कसे, याचा वर्ग चार दिवस चालला होता. आज शेवटचा दिवस, आणि प्रत्येकाने शिकलेली एक गोष्ट आपल्या चालू प्रकरणावर करून बघायची होती. फौजदारांच्या वाट्याला आलेली गोष्ट साधीच होती. उत्तर माहीत असलेल्या माणसाने फोटो दाखवले की साक्षीदाराचं बोट नकळत त्या उत्तराकडे वळतं, म्हणून फोटो दाखवणाऱ्याला उत्तर माहीतच नसावं. फौजदारांना हे काडीइतकंही पटलं नव्हतं. बावीस वर्षांत त्यांच्यासमोर एकही साक्षीदार अडखळलेला नव्हता.

फोटो दाखवायला नेमली होती तीन महिन्यांपूर्वी रुजू झालेली शिपाई मुलगी. तिला प्रकरणाचा गंधही नव्हता.

“कानामागून आली आणि तिखट झाली,” फौजदार तिला ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाले.

“तिखट कसली साहेब, मला तर काहीच माहीत नाही.”

“तीच तुझी पात्रता,” बाई म्हणाल्या आणि तिला आत पाठवलं. पाठोपाठ औषधवाले काका गेले. मागच्या आठवड्यात भरदुपारी त्यांच्या दुकानात शिरून एकाने त्यांना सुरा दाखवला होता. ते “हाच तो” म्हणाले की कोठडीतला माणूस कोर्टात उभा राहणार होता. नाही म्हणाले तर संध्याकाळी त्याला सोडणं भाग होतं.

दार बंद झालं. फौजदार पेन उघडून उभे राहिले. काळं, जाडसर पेन. टोपण बसताना टक्क वाजायचं. साहेबांनी टोपण लावलं की प्रकरण मिटलं, असं ठाण्यात सगळेच म्हणायचे.

“दहा मोजा,” ते बाईंना म्हणाले. “दोन वर्षांपूर्वी याच काकांच्या दुकानात असाच सुरा दाखवला गेला होता. तेव्हा दहा मोजायच्या आत बोट ठेवलं होतं त्यांनी. तो आत बसलाय अजून.”

बाईंनी मोजलं नाही. दार उघडायला चांगली बारा मिनिटं लागली.

“यातला कोणीच नाही, असं म्हणाले काका, साहेब,” शिपाई मुलगी म्हणाली. “सगळे फोटो दोनदा पाहिले त्यांनी.”

फौजदारांचा चेहरा लाल झाला. “घ्या! हातात आलेला चोर पुस्तकाने सोडवला. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातंय!”

“चोर असेल तर दुसरा पुरावा सापडेल,” बाई शांतपणे म्हणाल्या. “आणि नसेल तर आज एक माणूस घरी जाईल.”

फौजदार यावर काहीतरी खणखणीत बोलणार, तेवढ्यात काका चष्मा पुसत दारात आले. साहेब समोर दिसताच त्यांना हायसं वाटलं.

“अहो साहेब, तुम्ही आत हवे होतात! ही मुलगी गुणाची आहे हो, पण चेहरा नुसता कोरा. मागच्या वेळी कसं, तुम्ही समोर होतात. मी दोन नंबर आणि पाच नंबर यांत पार घोटाळलो होतो. पाचवर आलो आणि तुम्ही पेनाला टोपण लावलंत. म्हटलं, सुटलो बुवा! साहेबांना ठाऊक आहे, आपण कशाला घोळ घालायचा?”

फौजदार हातातल्या पेनाकडे बघत राहिले. आता टोपण लावावं की नाही, हेच त्यांना कळेना. चार दिवस प्रत्येक बारीक गोष्ट वहीत टिपणाऱ्या बाईंनी ही मात्र टिपली नाही.

“काय हो, चुकलं का माझं काही?” काकांनी विचारलं.

“तुमचं नाही, काका.” फौजदारांचा आवाज नेहमीसारखा ठाम होता, फक्त जरा खाली आला होता. “पुन्हा आत बसा. आत्ता सांगितलंत तेच सावकाश सांगा. पेनासकट. जबाब लिहून घ्यायचाय.”

“साहेब,” शिपाई मुलगी त्यांच्याजवळ येऊन कुजबुजली, “तुमच्या खुर्चीमागे लावलेलं शाबासकीचं पत्र त्याच प्रकरणाचं आहे ना?”

“आहे. आणि पाच नंबर दोन वर्षं आत आहे. पत्र उद्याही काढता येईल, जबाब आजच वर गेला पाहिजे.”

“मग बसताय ना? मी खुर्ची ओढते.”

“मी नाही. तू घे जबाब.” त्यांनी पेन तिच्या हातात दिलं. “माझ्यासमोर काका मला बरं वाटेल असंच बोलतील. मी बाहेर थांबतो.”

ती आत वळली आणि थबकली. “साहेब, टोपण?”

“ते राहू दे माझ्याकडे,” फौजदार म्हणाले, आणि त्यांनी बाहेरून दार ओढून घेतलं.